दादाची सेफलिस्ट

सोमवार, ३ मार्च

सकाळी ऑफिस. दुपारी मीटिंग. संध्याकाळी घर. दादा जानेवारीत गेला, तेव्हापासून रजा तुटक तुटक झाल्या. आता पूर्ण आठवडे भरायचे. झोप बरी, भूक ठीक. लोक उगाच चेहऱ्याकडे बघतात.

मीटिंगमध्ये टीम लीडने जाहीर केलं की महिनाअखेर सेफलिस्ट काढून टाकायची. टीम लीडला ऑफिसात सगळे 'लगेच' म्हणतात, कारण त्याला सगळं लगेच हवं असतं. सेफलिस्ट, म्हणजे पार्सलांची यादी सांभाळणारा प्रोग्रॅम, दादाने लिहिली आहे. मी इथे त्याच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिल्या दिवशी त्याने मला तीच उघडून दाखवली होती.

गोदामात पार्सल येतं, पट्ट्यावरून स्कॅनरखाली जातं, त्याचा नंबर यादीत पडतो. दुसऱ्या टोकाला गाड्या भरणारे प्रोग्रॅम त्याच यादीतून नंबर उचलतात. म्हणजे एका यादीत एकाच वेळी अनेक हात. म्हणून दादाने यादीच्या प्रत्येक मेथडला लॉक लावलं. घालताना लॉक, काढताना लॉक, नुसतं मोजायचं असलं तरी लॉक. एक जण आत असला की बाकीचे बाहेर उभे. यात चूक होणं शक्यच नाही. चूक वापरणाऱ्यांची.

सेफलिस्ट काढू द्यायची नाही. यात भावनेचा प्रश्न नाही, टेक्निकल प्रश्न आहे.

वहिनींचा फोन येऊन गेला. तेव्हा मीटिंगमध्ये होतो. उद्या करायचा.

मंगळवार, ४ मार्च

गोदामाच्या मुकादमाचा फोन. म्हणाला, साहेब, काल एका पार्सलला दोन गाड्या गेल्या. पहिल्या ड्रायव्हरने पार्सल पोचवलं. दुसरा रिकाम्या हाताने त्याच दारावर गेला, बेल वाजवली आणि शिव्या खाऊन आला. आणि त्याच्या मागचं पार्सल इथे कोपऱ्यात बसलंय, त्याला कुणी विचारत नाही.

मी म्हटलं, स्कॅनरची काच पुसा. म्हणाला, पुसून पुसून अशी झालीय की तिच्यात बघून दाढी करता येईल.

असल्या लोकांशी बोलताना संयम लागतो. माझ्याकडे तो आहे.

वहिनींना फोन करायचा राहिला. उशीर झाला होता, त्या लवकर झोपतात. बहुतेक.

गुरुवार, ६ मार्च

टेस्टर बाईने आज पॅन्ट्रीत सर्वांसमोर नाटक केलं. मुलगी हुशार आहे, पण दादाला तिने पाहिलेलं नाही. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात नंबर टाकलेल्या चिठ्ठ्यांची चळत ठेवली. नियम असा, की झाकण एका वेळी एकानेच उघडायचं. आधी वरची चिठ्ठी वाचायची, झाकण बंद. मग पुन्हा उघडून वरची चिठ्ठी काढून फेकायची.

तिने नंबर एक वाचला, झाकण लावलं. तेवढ्यात लगेचने झाकण उघडलं, त्यानेही तोच नंबर वाचला. मग तिने वरची चिठ्ठी फेकली. मग त्याने वरची फेकली. पण तेव्हा वर नंबर दोन होता, तो न वाचताच केराच्या टोपलीत गेला.

म्हणाली, सर, झाकणाला लॉक आहेच, माझी तक्रार नाही. पण वाचणं आणि काढणं या दोन गोष्टी आहेत, आणि मधे दार उघडं राहतं. एकाच पार्सलला दोन गाड्या, मागचं बेवारस. हे असंच होतंय.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, डबा बिस्किटांचा आहे. पार्सल आणि बिस्कीट यात फरक आहे. लगेच म्हणाला, काका, फरक काय आहे तो सांगा ना, लगेच सांगा. मी म्हटलं, लेखी देईन.

काका म्हणायला मी काही एवढा म्हातारा नाही.

शनिवार, ८ मार्च

सुट्टी. फरक लिहायला बसलो. अजून सापडला नाही, पण आहे.

संकल्प. सेफलिस्टमध्ये मीच दुरुस्ती करायची. वाचणं आणि काढणं एकाच लॉकखाली घ्यायचं. मग काढून टाकायचं कारणच उरणार नाही. फार तर दोन दिवसांचं काम. दादाच्या ओळी तशाच ठेवायच्या, माझ्या फक्त आजूबाजूला.

दुसरा संकल्प, उद्या वहिनींकडे जायचं. नक्की.

रविवार, ९ मार्च

गेलो. ठरवलं की मी करतो.

दार उघडलं आणि समोर दादाचं टेबल नव्हतं. खिडकीखाली जमिनीवर चार पायांचे डाग, बाकी रिकामं. वहिनी म्हणाल्या, शाळेला देऊन टाकलं, मुलं अभ्यास करतील. मी म्हटलं, विचारायचंत तरी. त्या म्हणाल्या, भाऊजी, तुम्हाला दोनदा फोन केला होता.

मी विषय वाढवला नाही.

वहिनींच्या बहिणीने त्यांना कायमचं आपल्याकडे बोलावलं आहे. बहीण दुसऱ्या गावी असते, वरचा मजला रिकामा आहे. महिनाअखेर कळवायचंय. वहिनी म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल ते करा. त्या म्हणाल्या, मला काय वाटतं ते राहू दे, तुम्ही बोला. मी म्हटलं, मी काय, तुम्ही जे ठरवाल त्यात मी आहेच. त्या म्हणाल्या, म्हणजे तुमचं काहीच म्हणणं नाही? मी म्हटलं, ठरलं की कळवा.

मग दोघांनी चहा घेतला. गार झाला होता. त्यांनी पुन्हा गरम करू का विचारलं. मी म्हटलं, नको, असाच आवडतो. मला गार चहा आवडत नाही.

खरं म्हणजे त्यांनी जाऊ नये. या शहरात रविवारी जाण्यासारखं मला दुसरं घर नाही. पण हे आपण होऊन म्हणणं बरं दिसत नाही, त्यांच्यावर ओझं नको. 'थांबू का?' असं त्यांनी सरळ विचारलं तर 'थांबा' म्हणून सांगेन. तयारीत आहे.

नाहीतरी त्या जाणार नाहीतच. बहिणीशी त्यांचं दोन दिवसांच्या वर पटत नाही.

बुधवार, १२ मार्च

दुरुस्ती झाली! वाचणं, काढणं, सगळं एका लॉकच्या आत. टेस्टर बाईने दिवसभर यादीवर हाणामारी केली, एकही नंबर दोनदा गेला नाही. तिने स्वतः येऊन सांगितलं, सर, हे बरोबर आहे. लगेच म्हणाला, बघू. त्याच्या तोंडून 'बघू' म्हणजे मोठीच गोष्ट.

दादाचं नाव राहिलं. त्याच्या खुर्चीवर हल्ली प्रिंटरच्या कागदांचे खोके ठेवतात. ते उचलून खाली ठेवले. दुपारी पाहिलं तर परत वर. पुन्हा खाली ठेवले.

वहिनींना कळवावं असं वाटलं. पण एवढ्यासाठी फोन करणं पोरकट दिसेल. रविवारी सांगू.

शुक्रवार, १४ मार्च

दुरुस्ती गोदामात चालू केली. मुकादमाला विचारलं, कसं काय. म्हणाला, साहेब, आज दुसऱ्या ड्रायव्हरला शिव्या पडल्या नाहीत, बिचाऱ्याला चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

लगेचला मेल पाठवला, सेफलिस्ट काढण्याचा निर्णय मागे घ्यावा. उत्तर नाही. म्हणजे विचार चालू आहे.

रविवार, १६ मार्च

वहिनींकडे जाणार होतो. पण परत आलेल्या पार्सलांचं काम सोमवारी चालू व्हायचंय, ते आजच बघून टाकलं. न घेतलेली पार्सलं 'गेलेली' यादीतून 'आलेली' यादीत परत न्यायची. मी तेही कडेकोट केलं. ज्या यादीतून काढायचं तिचं लॉक आधी धरायचं, मग जिच्यात घालायचं तिचं, आणि काम होईपर्यंत दोन्ही सोडायची नाहीत. गाड्या भरतानाही हाच नियम लावला. जितकी लॉकं जास्त तितकी सुरक्षा जास्त.

वहिनींचा मेसेज आला, आज येताय का? कामात आहे असं कळवलं. 'बरं' असं उत्तर आलं. याचा अर्थ त्यांनाही आज काहीतरी काम असणार.

मंगळवार, १८ मार्च, दुपार

गोदाम बंद.

मुकादम फोनवर म्हणाला, साहेब, तुमचा प्रोग्रॅम समाधीत गेलाय. पट्टा रिकामा फिरतोय, पोरं बाकावर बसलीत. स्क्रीन चालू आहे, पण पुढे सरकत नाही. एरर आली का विचारलं. म्हणाला, एरर आली असती तर निदान काहीतरी आलं असतं.

लॉग पाहिला. लॉगमध्ये काही नाही. सकाळी शेवटची ओळ, त्यानंतर कोरं. मेमरी ठीक. मशीन ठीक. सगळं ठीक असून काहीच होत नाही, असं मी आजवर पाहिलं नव्हतं.

बंद करून पुन्हा चालू केलं. चाललं. म्हणजे प्रश्न मिटला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

पुन्हा बंद.

गुरुवार, २० मार्च

टेस्टर बाईला सापडलं. लगेचला ती समजावत होती, मी बाजूला उभा होतो.

गाडी भरणारा प्रोग्रॅम 'आलेली' यादीचं लॉक धरून 'गेलेली' यादीच्या लॉकसाठी थांबलाय. परत आणणारा 'गेलेली'चं धरून 'आलेली'साठी थांबलाय. दोघंही आपापल्या जागी बरोबर. हातातलं कुणी सोडत नाही, दुसऱ्याकडे कुणी मागत नाही, नुसते उभे. लगेचने विचारलं, मग हे सुटणार कधी? ती म्हणाली, कधीच नाही. त्यांना घाई नाही, वाट बघायला त्यांचं काही जात नाही. बाहेरून कुणीतरी एकाला मारावं लागतं.

लगेच म्हणाला, काका, तुम्ही दोन्ही दारं आतून लावून घेतलीत. मी म्हटलं, हे डेडलॉक आहे, पुस्तकात असतं, कुणाचंही होतं. तो म्हणाला, पुस्तकात होऊ दे की, गोदामात कशाला?

उपाय सोपा आहे. दोघांनीही लॉक एकाच क्रमाने घ्यायची. आधी 'आलेली', मग 'गेलेली', कुणी का असेना. हे मला आधीपासून माहीत होतं. रविवारी लक्षात आलं नाही इतकंच.

रात्री जेवणाआधी वहिनींना फोन लागला. कशा आहात? ठीक आहे. तुम्ही? ठीक आहे. त्या काहीतरी विचारतील म्हणून थांबलो. पलीकडे त्यांचं घड्याळ ऐकू येत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, बरं, ठेवू का? मी म्हटलं, ठेवा.

फोन चांगला झाला. मोकळेपणा वाटला.

शनिवार, २२ मार्च

क्रमाचं गणित बसत नाही. याद्या दोनच नाहीत, सात आहेत. तुटलेल्या पार्सलांची वेगळी, पत्ता नसलेल्यांची वेगळी. कोण कुठून कुठे जातं हे दादालाच माहीत असायचं. मी त्याला विचारायचो, तो मान वर न करता सांगायचा.

शेवटी मोठा निर्णय घेतला. सातही याद्यांना मिळून एकच लॉक. एक जण आत, बाकी सगळे बाहेर. वाद नाही, क्रम नाही, डेडलॉक होणं शक्यच नाही. सुट्टीच्या दिवशी घरून करून गोदामात चालू करून टाकलं. लगेचला सांगितलं नाही. सोमवारी कौतुकाने कळेलच.

सोमवार, २४ मार्च

मुकादमाने मला नाही, सरळ लगेचला फोन केला. आणि लगेचने तो स्पीकरवर लावला.

मुकादम म्हणत होता, चाळीत एकच संडास आणि सगळ्यांना सकाळीच लागलीय, असं करून ठेवलंय तुमच्या साहेबांनी. एक स्कॅनर आत गेला की बाकीचे पाय आवळून उभे. पार्सलं पट्ट्यावरून खाली पडायला लागली. एक बाई काचेचं सामान म्हणून ओरडत होती, ते पडल्यावर गप्प झाली.

सगळे हसले. मीही हसलो.

लगेचने फोन ठेवला आणि तो माझ्याजवळ आला. त्याने हळू आवाजात विचारलं, काका, हे कशासाठी? नोकरी कुठे जात नाहीये तुमची. यादीच आहे ती. मी म्हटलं, एक आठवडा द्या. तो म्हणाला, नाही. आणि पहिल्यांदाच 'लगेच' म्हणाला नाही.

मंगळवार, २५ मार्च

सेफलिस्ट गेली.

टेस्टर बाईने दुपारच्या जेवणानंतर काम सुरू केलं आणि चहाच्या आधी संपवलं. दादाच्या यादीच्या जागी प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबरच मिळणाऱ्या लायब्ररीतली तयार रांग घातली. तिच्यात 'असेल तर दे, नसेल तर नाही म्हण' हे एकाच दमात विचारायची सोय आहे. मधे दार उघडं राहत नाही. आणि एका यादीतून दुसरीत नेताना दोन लॉकं धरून बसावंच लागत नाही. आधी इथून हातात घ्यायचं, मग तिथे ठेवायचं. ही सोय कितीतरी वर्षं होती म्हणे. आम्ही वापरली नाही.

शेवटी फाइल डिलीट करायची होती. ती म्हणाली, सर, तुम्ही करता का? मी म्हटलं, कुणीही केली तरी सारखंच. मग मीच केली. 'नक्की?' असं मशीनने विचारलं. हो म्हटलं. सगळ्या टेस्ट पास झाल्या. एकही पडली नाही. एखादी तरी पडेल असं वाटलं होतं.

संध्याकाळी मुकादमाचा फोन आला. आधी लॉग उघडला, मग फोन उचलला. त्याला लेबलच्या कागदाचे रोल हवे होते. गोदामाबद्दल विचारलं तर म्हणाला, का, काय झालं? चाललंय की.

आता डोकं मोकळं आहे. उद्या रजा टाकून वहिनींकडे जायचं आणि सरळ सांगायचं की थांबा. त्यांच्या विचारण्याची वाट बघायची नाही. वाक्य ठरवलंय. वहिनी, तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. एवढंच. एका दमात.

बुधवार, २६ मार्च

दार उघडंच होतं. आत खोके. दोन हमाल कपाट तिरकं करून दरवाजातून काढत होते. एक दुसऱ्याला म्हणत होता, तू आधी हो. दुसरा म्हणत होता, तू सरक की.

वहिनी म्हणाल्या, बरं झालं आलात, ही दोरी धरा जरा.

मी दोरी धरली. त्यांनी बहिणीला रविवारीच कळवलं होतं. म्हणाल्या, शुक्रवारी निघतेय, तुम्हाला आज फोन करणारच होते. मी म्हटलं, ठीक आहे, चांगला निर्णय. हे वाक्य ठरवलेलं नव्हतं. तेच बाहेर आलं.

खोके बांधले. पुस्तकं, भांडी, दादाचे दोन स्वेटर. स्वेटर त्यांनी मला घेणार का विचारलं. मी म्हटलं, मला घट्ट होतील. होणार नाहीत.

सेफलिस्ट काढल्याचं सांगितलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून हळूहळू सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, अजून होती ती? ते तर म्हणायचे, दोन स्कॅनर होते तेव्हा दोन दिवसांत खरडलेलं ते, अजून कसं चालतंय कोण जाणे. रिटायर झालो की पोरं ते फेकून देतील, तेव्हा पार्टी देईन म्हणायचे.

वहिनींना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

निघताना दारात त्या म्हणाल्या, भाऊजी, काही बोलायचं होतं का? मी म्हटलं, नाही, सहज आलो होतो. त्या म्हणाल्या, तुमचे भाऊ निदान भांडायचे तरी हो माझ्याशी.

मी म्हटलं, पोचल्यावर कळवा.

शुक्रवार, २८ मार्च

स्टेशनवर जाणार होतो. गाडी सकाळची होती आणि मी रजा बुधवारीच वापरली. लगेचला विचारलं असतं तर त्याने सोडलं असतं. विचारलं नाही, नियम म्हणजे नियम.

पोचल्याचा मेसेज आला. 'पोचले. खोली मोठी आहे. तब्येत जपा.' उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'बरं' असं पाठवलं.

रविवार, ३० मार्च

सुट्टी. उशिरा उठलो. कपडे करून बाहेर पडलो आणि सवयीने त्यांच्या स्टॉपच्या बसमध्ये बसलो. कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं तेव्हा लक्षात आलं. एवढं तिकीट काढलंय तर जाऊन येऊ म्हटलं. बिल्डिंगखालून वर पाहिलं. खिडकीला पडदा नव्हता. कुणीतरी आत भिंतीला रंग देत होतं, शिट्टी मारत. पांढरा रंग. चांगला दिसत होता.

परत आलो. पुढच्या महिन्यात एखाद्या शनिवारी वहिनींकडे जाऊन यायचं. दोन गाड्या बदलाव्या लागतात, पण त्यात काही नाही. त्यांनी बोलावलं की लगेच निघायचं.

भूक लागली होती. एक अंडं उकडलं. मीठ संपलं होतं. तसंच खाल्लं.